पोटातल्या पोरांना रागावणाऱ्या वझेबाई

शहाडच्या डॉक्टर वझेबाई न जन्मलेल्या मुलांना रागावतात. कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवून खाली वाकतात आणि म्हणतात, "काय रे, मुहूर्त बघतोयस? आई दमली ना तुझी!"

मी भूलतज्ज्ञ. कल्याण-डोंबिवलीत सिझेरियन असलं की मला फोन येतो. हल्ली जरा शंका आली की डॉक्टर म्हणतात, "करून टाकू. थांबलो आणि काही झालं, तर कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?" मी त्यांना दोष देत नाही. वझेबाई मात्र मला बोलावतात, सगळी तयारी करून घेतात, हातात उपम्याची बशी देतात आणि म्हणतात, "थांबूया." नुसता उपमा खाऊन मी कितीदा तरी परत आलेलो.

बाई स्वतः कोर्टाच्या त्या पायऱ्या चढून आल्यात, हे विशेष. दावा फेटाळला गेला, पण केस पांढरे करून.

परवा मोहने गावची अश्विनी आली. पहिलं सिझर; दुसरं नॉर्मल व्हावं म्हणून हटून बसलेली. इतरांनी नाही म्हटलेलं. दुपारी बाळाचे ठोके एकदम मंदावले. मी सिरिंज उचलली. दारातून तिचा दीर ओरडला, "ओ मॅडम, काय झालं ना, तर कोर्टात खेचीन!"

"खेचा. पण आत्ता हळू बोला, पोरगी घाबरतेय."

बाईंनी अश्विनीला कुशीवर वळवलं. नजर मशीनवर, हात तिच्या पाठीवर. ठोके हळूहळू सावरले.

"थांबूया," बाई म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. खणखणीत रडली. दीर पेढे आणायला पळाला. मी आपला थक्क होऊन उभा.

मागच्या खोलीत बाई हात धूत होत्या. हात इतके थरथरत होते की नळ बंद होईना. मी केला.

"बाई, भीती वाटते तुम्हाला?"

"वाटते ना. फार. सावरलं नसतं तर लगेच कापलं असतं रे. पण ते त्या दोघींसाठी. माझ्या भीतीपायी तिचं पोट कशाला?"

मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "माझी लेकही बाळंतपणंच करणार होती. छान हात होता. माझी केस बघितली आणि त्वचेकडे वळली. कोलशेतला क्लिनिक आहे. म्हणते, 'आई, मुरमावरून कोणी कोर्टात जात नाही.'" हसल्या. "आजचं सांगते तिला. ती फोन उचलेपर्यंत बसशील?"

रिंग वाजत राहिली. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.