साहेब थुंकला

"माझ्या वाइनला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय!" रंगनाथ बोरस्तेनं सकाळीच अर्ध्या दिंडोरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. दुपारी गोव्याच्या बड्या हॉटेलांसाठी वाइन निवडणारे फुर्तादोसाहेब आले, त्यांनी शिराझ द्राक्षाच्या लाल वाइनचा एक घोट तोंडात घेतला, गालात घोळवला, डोळे मिटले आणि पचकन समोरच्या घंगाळात थुंकले.

"अगं बाई! माझ्या रुखवताचं घंगाळ!" आई किंचाळली.

दारात उभे असलेले अण्णा मात्र खूश झाले. मुलानं खायची द्राक्षं काढून ही वाइनची बाग लावली, तेव्हापासून ते धुसफुसत होते. "बोराएवढं नाही, बोराच्या बीएवढं द्राक्ष! पाहुण्याला द्यायची सोय नाही." शेवटी बापलेकात ठरलं होतं: साहेबाला वाइन आवडली तर बाग राहील, नाही तर आजच्या आज उपटून टोमॅटो. अण्णांना निकालानंतर वेळ घालवायला आवडत नसे. ट्रॅक्टर बागेशी नेऊन, मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबाला साखळी बांधूनच ते आले होते.

"थुंकला! विषय संपला," म्हणत अण्णा निघाले.

रंगनाथ मागे धावला. "अहो अण्णा, चांगली असली तरी थुंकायचीच पद्धत असती!"

"असं? मग वाईट असली की गिळतात का?"

"अण्णा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"थुंकण्यातलं? चाळीस वर्षं तंबाखू खातोय मी!"

ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, तसा रंगनाथ उलट्या पावली साहेबांकडे पळाला. "साहेब, हात जोडतो. पुढचा घोट गिळा."

"अरे बाबा, अजून चार ठिकाणी चव घ्यायचीय. गिळत बसलो तर मी उरेन का?"

"तुम्ही नाही गिळली तर माझी बाग उरत नाही!"

फुर्तादोसाहेब मनानं मऊ. त्यांनी बागेशी जाऊन, अण्णांच्या डोळ्यांदेखत ग्लास रिकामा केला.

"एका ग्लासाचं काय घेऊन बसलात," अण्णा ट्रॅक्टरवरूनच म्हणाले. "कडू काढासुद्धा माणूस एकदा पितो. पुन्हा मागतो का बघू."

साहेबांनी पुन्हा मागितली. मग लालवाली, मग पांढरी, मग परत लालवाली. चौथ्या ग्लासाला साहेब न मागता स्वतःच ओतून घ्यायला लागले. पाचव्याला त्यांनी आईला घंगाळाबद्दल साष्टांग नमस्कार घातला. सहाव्याला ते अण्णांच्या गळ्यात पडायला निघाले, म्हणून अण्णांना खाली उतरावं लागलं.

"अण्णा! तुम्ही माझे बाप!" साहेब रडत म्हणाले. "आमच्या सगळ्या हॉटेलांत हीच शिराझ! दरवर्षी! पण याच बागेची हं, दुसरी मला चालणार नाही!"

 अण्णांनी मुलाच्या पाठीवर अशी थाप मारली की रंगनाथ दोन पावलं पुढे गेला. "रंग्या, लेका, जिंकलास! राहू दे तुझी बाग!"

आईनं ओवाळायला ताट आणलं. रंगनाथला रडू आवरेना. बापलेक पहिल्यांदाच एकमेकांना पेढा भरवत होते, आणि तेवढ्यात साहेब कुठे दिसेनात.

"अण्णा!" वरून आवाज आला. "मी लहानपणापासून ट्रॅक्टर चालवला नाय!"

"साहेब, साखळी!" बापलेक एका सुरात ओरडले.

साहेबांनी हात हलवला आणि गिअर टाकला. कोपऱ्यातला खांब गेला, त्याच्यामागून तारा गेल्या, आणि शिराझचा मांडव या बांधापासून त्या बांधापर्यंत आडवा झाला.