नव्याचे नऊ डाव

"आजचा सामना मी सुरू करणार आणि मीच संपवणार!" लोवेलने नाश्त्याच्या टेबलावर अशी मूठ आपटली की मगातली कॉफी पावावर सांडली.

त्याच्या बायकोने, मार्लिसने, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसतं भिंतीकडे बोट केलं. स्वयंपाकघराच्या तीन भिंती पिवळ्याधमक, आणि चौथी ईस्टरपासून तशीच उघडी! खाली रंगाचा डबा, डब्यावर ब्रश.

"लोकांचे नव्याचे नऊ दिवस तरी असतात रे! तुझे नऊ डावसुद्धा टिकत नाहीत. सहाव्यातच गनार तुला बाहेर काढतो."

खोटं कशाला बोला? बेसबॉलचा सामना नऊ डावांचा, आणि मिनेसोटातल्या त्या गावच्या बेसबॉल संघात लोवेल वर्षानुवर्षं पहिला चेंडू टाकत आला होता, पण शेवटचा कधीच नाही. शेवटचा टाकायचा डेल्मर, मार्लिसचा धाकटा भाऊ. पुढच्या वर्षापासून तर सुरुवातही डेल्मरच करणार, असं संघ चालवणाऱ्या गनारने सांगून टाकलं होतं. म्हणजे मोसमातला आजचा शेवटचा सामना ही अखेरची संधी! एकदा, फक्त एकदा शेवटपर्यंत मैदानात उभं राहायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं होतं.

"आणि संपवला तर?"

"तर या भिंतीबद्दल जन्मात अवाक्षर काढणार नाही. शब्द देते!"

लोवेलने डोकं चालवलं. सामन्याआधी डेल्मरला प्रेमाने जवळ बसवलं आणि सॉसेज-पाव चारायला सुरुवात केली. वर आंबवलेला कोबी!

"खा रे मेहुण्या, लाजू नकोस!"

डेल्मर लाजणाऱ्यांतला नव्हताच.

सहाव्या डावात नेहमीप्रमाणे गनार बाहेर आला आणि त्याने आपला उजवा दंड थोपटला. हे डेल्मरला बोलावणं. कुणी आलं नाही. पुन्हा थोपटला. तेवढ्यात कुंपणाकडून कुणीतरी ओरडलं, "डेल्मर आडवा झालाय! उठवलंत तर कोबी बाहेर येईल म्हणतो!"

"मग टाक बाबा तूच," गनार म्हणाला. लोवेल मनातल्या मनात नाचला.

हा नाच आठव्या डावापर्यंत टिकला. मग त्याचा हात भिजलेल्या घोंगडीसारखा लोंबायला लागला.

"गनार, पाया पडतो, काढ रे मला!"

"आणि आणू कुणाला? पाद्रीबाबांना? त्या डेल्मरला कुठल्या गाढवाने चारलंय, तो सापडू दे फक्त!"

गाढवाने निमूट पुढचा चेंडू उचलला.

नववा डाव. जेमतेम एका धावेची आघाडी, आणि शेवटचा एकच गडी बाद करायचा उरलेला. लोवेलने कसाबसा चेंडू सोडला. तो इतका सावकाश निघाला की फलंदाजाला जांभई द्यायलाही वेळ मिळाला असता. मेलो, संपलं सगळं! लोवेलने बघायचंच सोडून गनारकडे तोंड फिरवलं, हातमोजा उंच धरला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "पुरे झालं! हरलो मी!"

खाड! फलंदाजाने हाणलेला चेंडू थेट त्या हातमोज्यात येऊन बसला.

अख्खं गाव मैदानात धावलं. गनारने त्याला कडकडून मिठी मारली. "काय झेल रे! तोही न बघता! पुढच्या वर्षीही तूच सुरू करायचंस आणि तूच संपवायचंस!" मार्लिस तर चक्क रडत होती. "नेलंस रे बाबा, एकदाचं तडीस नेलंस!" लोवेलला वाटलं, आता आपण जगातलं काहीही पुरं करू शकतो.

घरी येऊन तो खुर्चीत कोसळला. उजवा हात कामातून गेला होता. मार्लिस मात्र शब्दाची पक्की. भिंतीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

नुसता ब्रश उचलला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.