भागीबाईच्या मेथीचा खुलासा

सत्य गावाबाहेर राहते, हे पत्रकारितेतले सर्वांत जुने आणि सर्वांत गैरसोयीचे तत्त्व आहे. त्याच्याकडे जायचे म्हणजे स्कूटर काढावी लागते, उन्हात माणसे शोधावी लागतात, आणि ती सापडली की बहुतेक वेळा बातमीच उरत नाही. १९९४ साली आमच्या दैनिक 'गोदाघोष'चे वार्ताहर सावळीराम घोटीला एसटीच्या अपघाताची बातमी आणायला गेले, सात तास फिरले आणि 'कुणाला खरचटलेसुद्धा नाही' एवढेच घेऊन परत आले. (पहिल्या पानावरची ती जागा भरायला आम्हाला एका सत्कार समारंभाचे दोन फोटो लावावे लागले.) अशाने वृत्तपत्रे चालत नाहीत.

सुदैवाने दोन हजार सहाच्या सुमारास आमच्याकडे ऑर्कुट हे मित्र जोडायचे संकेतस्थळ आले आणि सत्य स्वतःच्या पायांनी कार्यालयात येऊ लागले. जो अपघात कळायला सात तास लागत, तो आता अकरा मिनिटांत कळे, तोही चार मृतांसह. दुपारी मृतांची संख्या शून्यावर येई आणि 'चौघे बालंबाल बचावले' ही दुसरी बातमी मिळे. न झालेल्या एका अपघातातून दोन बातम्या काढणे सावळीरामांना उभ्या हयातीत जमले नव्हते.

पण आम्ही बेजबाबदार होतो, असे कुणी समजू नये. ऑर्कुटवर कुणालाही त्याचे मित्र 'विश्वासू' ठरवून हसरे चेहरे देऊ शकत, जास्तीत जास्त तीन. आमचे वृत्तसंपादक महेशराव यांनी या सोयीचा साद्यंत अभ्यास करून परिपत्रक काढले. तीन चेहऱ्यांच्या माणसाने सांगितलेले 'उघड झाले आहे' असे छापावे. दोन चेहरे असल्यास 'खात्रीलायक वृत्त आहे', एक असल्यास 'समजते', आणि एकही नसल्यास 'शहरात चर्चा आहे'. ज्याचे खातेच नाही त्याच्या सांगण्याचा विचार करू नये, कारण त्याच्या विश्वासूपणाची कोठेही नोंद नाही. (आमच्या अंदाजाने जिल्ह्यातल्या दर शंभरांपैकी सत्त्याण्णव जणांचे खाते नव्हते. उरलेले तिघे एकमेकांचे मित्र होते.)

२००८च्या पावसाळ्यात 'आपलं नाशिक' नावाच्या कम्युनिटीत एक फोटो आला. एक बाई गुडघाभर गढूळ पाण्यात उभी राहून मेथीच्या जुड्या धुते आहे. टाकणाऱ्याने खाली काहीच लिहिले नव्हते. पहिल्याने विचारले, हा नाला तर नव्हे? दुसऱ्याने म्हटले, वाटतोय खरा. सहाव्याने नाल्याचे नावसुद्धा सांगितले, आणि सहाव्याला तीन चेहरे होते. दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा झळकला: 'नाशिककरांच्या ताटात नाल्याची मेथी!' मथळा मीच दिला होता आणि तो चांगला होता. संध्याकाळी कम्युनिटीत लोकांनी लिहिले, 'आता तर पेपरातही आलंय.' महेशराव म्हणाले, "बघ, दुजोरा मिळाला."

फोटोतल्या बाईचे नाव भागीबाई. धरणाच्या बाजूला, पाटाकाठी तिचे अठरा गुंठे रान, आणि पंचवटीच्या भाजीबाजारात वीस वर्षांची बसायची जागा. तिसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यात मेथीची जुडी गुंडाळून आमच्या कार्यालयात आली.

"साहेब, ह्यो नाला नाय. पाट हाय, धरणाचा. पावसात पाणी गढूळ येतंच. तुमच्या नळाला बी त्याच धरणाचं येतं ना?"

महेशरावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आदराने विचारले, "बाई, तुम्ही ऑर्कुटवर आहात का?"

"ते कुठं आलं?"

बाईची अडचण माणुसकीच्या दृष्टीने सोडवावी म्हणून मी तिला मेन रोडवरच्या सायबर कॅफेत नेले. जन्मतारीख विचारली तर ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडाया जायची." मी शाळेतल्या गुरुजींच्या पद्धतीने एक जून लिहून मोकळा झालो. खाते निघाले, मित्र शून्य. बाजारात तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या बायांपैकी एकीचेही खाते नव्हते. शेवटी मीच मित्र झालो आणि तिला एक हसरा चेहरा दिला.

एका चेहऱ्यावर नियमाप्रमाणे 'समजते' मिळत होते. आम्ही पाचव्या पानावर खुलासा छापला: 'सदर पाणी पाटाचे असल्याचे समजते. संबंधित महिलेने आरोप फेटाळले आहेत.' सोबत वाचकांचा कौल होता: नाला ७८ टक्के, पाट ९ टक्के, सांगता येत नाही १३ टक्के. अशा रीतीने ते पाणी लोकशाही मार्गाने नाल्याचे ठरले.

मग मला राहवले नाही. मी स्कूटर काढली. पंचवीस मिनिटांवर पाट होता, आजूबाजूला ऊस आणि झेंडू, नाल्याचा मागमूस नाही. पाण्यात हात घालून पाहिला. परत येऊन सगळे लिहून दिले. महेशरावांनी कागद परत केला. "एकट्याच्या डोळ्यांवर किती विसंबायचं? फोटो दोनशे जणांनी पाहिलाय."

भागीबाईच्या शेजारी बसणारी सावित्रीबाई त्याच गावची, त्याच पाटात, त्याच दगडावर भाजी धुणारी. तिची मेथी सकाळी नऊच्या आत संपे, कारण तिचा फोटो निघाला नव्हता. भागीबाईची मेथी गायीपुढे पडे. एक दिवस सावित्रीबाई म्हणाली, "दे माझ्या ढिगात टाकून. कोणाला कळतंय?"

"नाय," भागीबाई म्हणाली. "वीस वर्सं लोकं माझ्या तोंडाकडं बघून भाजी नेत्यात. आता काय तोंड लपवू?"

खरे काय ते एकदा नीट कळले की गिऱ्हाईक परत येईल, असे तिला अजूनही वाटते. म्हणून हा खुलासा, कोणत्याही चेहऱ्याशिवाय. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात, महेशरावांना हसलात, बाईसाठी हळहळलात. आता तुम्हाला सगळे ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होते. पाट पाहून आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ढिगातली जुडी उचलली आणि पिशवीत टाकण्याआधी, का कोण जाणे, नाकाशी नेली. ती माझ्याकडेच बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने ती जुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि परत ढिगावर ठेवली.

उद्या तुम्ही जा. ती तिथेच बसते. जुडी उचललीत की हात सरळ पिशवीकडे न्या. मला ते जमले नाही, आणि मी तर पाट पाहिला होता.