ओट्यामागचा छत्तीस

‘माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा चप्पल बदलून निसटू शकत नाही,’ असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. यांची स्वतःची चप्पल रोज मी शोधून देते, ती गोष्ट वेगळी. हात वजनकाटे दुरुस्त करतात, पण पिंड गुप्तहेराचा. मी सहायक, म्हणजे भिंग पुसायचं आणि लोकांची माफी मागायची.

त्या सकाळी शेजारच्या दोघी जावांपैकी थोरली दारात आली. मावशीकडून एक दिवस आधीच परतली, तर ओट्यामागच्या भिंतीवर, शेगडीच्या बरोबर वर, पेन्सिलीनं आकडा: ३६. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. धाकट्या जावेशी महिनाभराचा अबोला नुकता कुठे सुटला होता.

“तिनंच लिहिलंय,” ती म्हणाली. “पटत नव्हतं तर तोंडानं सांगायचं. आज संध्याकाळपासून चूल वेगळी.”

धाकटी कामावर गेलेली. आम्ही त्यांच्याकडे गेलो, यांनी भिंतीला नाक लावलं. सहा सक छत्तीस, म्हणजे पूर्ण वर्ग. म्हणून गुन्हेगार चौकोनी स्वभावाचा. एक ते आठची बेरीजही छत्तीस, आणि घराला पायऱ्या आठ. म्हणून तो पायऱ्या चढून आला. सगळेच चढून येतात, असं मी म्हटलं. यांनी वहीत लिहिलं, ‘टोळी’. एक, दोन, तीनचे घन मिळवले तरी छत्तीस; म्हणून टोळीत तिघं. मग आरसा धरला, तर त्यातही छत्तीसच.

“सराईत आहे,” हे म्हणाले. “आरशातसुद्धा सुधरत नाही.”

थोरली एव्हाना डबे वाटायला बसली होती. साखर तिची, मीठ आपलं. मिठाचा डबा तीनदा इकडून तिकडे गेला, डोळे पुसायला पदर एकच पुरेना.

दुपारी खोकं घेऊन मिस्त्री आला. यांनी ‘सापडला’ म्हणत झडप घातली, खोकं पडलं, एक टाइल फुटली.

“छत्तीस होत्या,” मिस्त्री शांतपणे म्हणाला. “सहा आडव्या, सहा उभ्या. परवा माप घेतलं तेव्हा भिंतीवरच लिहून ठेवलं. कागद माझ्याकडे टिकत नाही.”

मागून धाकटी, अर्धी रजा टाकून आलेली. जाऊबाईंना बघून जिन्यातच थबकली.

“तुम्ही रोज ती तेलकट भिंत घासता,” ती हळूच म्हणाली. “विचारलं असतं तर म्हणाला असतात, माझे हात काय झिजलेत का.”

“म्हणालेच असते,” थोरली म्हणाली, आणि साखरेचा डबा उचलून मिठाशेजारी ठेवला.

संध्याकाळपर्यंत पस्तीस बसणार होत्या. कुठली जागा रिकामी ठेवू, उद्या आणून लावतो, असं मिस्त्रीनं विचारलं. थोरलीनं आकड्यावर बोट ठेवलं.

“ही. आणि उद्या आणू नका.”

यांनी वहीत नोंद केली, ‘निर्णायक पुरावा मी वेळीच वाचवला’, आणि मिस्त्रीची चप्पल घालून घरी आले.