तात्यांचं निदान चालू आहे
तात्या लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी मांडवाच्या खांबाला टेस्टर लावून बघतात. करंट उतरला तर नवरा-नवरी जागच्या जागी जातील, असं वधूपित्याला मोठ्याने ऐकवतात. तरी पुणतांब्यात त्यांना पत्रिका सगळे देतात, कारण नाही दिली तरी ते येतातच.

साखर कारखान्यात तीस वर्षं वायरमन, आता निवृत्त, आणि माझ्या दुर्दैवाने माझे शेजारी. "मास्तर, भाग बदलतो त्यो दुकानदार. निदान करतो त्यो मेकॅनिक!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वर्गात पाढे घेतानाही मधेच तोंडात येतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या बायकोची, सुमनकाकींची, चार्जिंगची गाडी बिघडली. काकी साठीच्या घरात ही गाडी शिकल्या. तेव्हापासून बचत गटाचे पापड-कुरडया घेऊन सकाळी दहाला निघतात, आसपासच्या वस्त्या पालथ्या घालतात आणि पाचला परततात. आता मूठ पिळली की गाडी जागेवरच थरथरायची, मागच्या चाकातून करकर आवाज यायचा. रुखवताच्या ऑर्डरी घेतलेल्या. वेळेत पोचल्या नाहीत तर गिऱ्हाईक दुसऱ्या गटाकडे जाणार, म्हणून काकी हवालदिल.

"चाकातली मोटर गेली असेल, नवी टाका," मी म्हणालो. या गाड्यांची मोटर मागच्या चाकाच्या पोटातच असते, एवढं मलाही ठाऊक होतं.

तात्यांनी मी नापास झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "आधी निदान!"

निदान सुरू झालं. आधी बॅटरीवर संशय, मग ब्रेकच्या स्विचवर, मग कंट्रोलरवर, मग उंदरांवर. रोज दुपारची जेवणं झाली की तात्या अंगणात गाडी डबल स्टँडवर लावायचे, काकींना समोर पाटावर बसवून हातात मीटर द्यायचे आणि "आकडा वाच" म्हणायचे. काकी आकडा वाचायच्या, तात्या मान डोलवायचे, चहा व्हायचा, मग तोच आकडा परत वाचला जायचा. सरकारी चौकशी समितीसुद्धा याहून लवकर उरकते.

ऑर्डरींना एकच दिवस उरला, तेव्हा मी पाना आणायला तात्यांच्या खोलीत गेलो. पलंगाखाली फोडलेलं खोकं होतं. आत नव्या मोटरीचं अख्खं चाक, आणि पार्सलची चिठ्ठी आठ दिवसांपूर्वीची.

मी भडकलो. "तात्या, ही काय थट्टा लावलीय? तिकडे काकी रडकुंडीला आल्यात!"

मागोमाग आलेल्या तात्यांनी दार लोटून घेतलं. "पैल्याच दिशी कळलं हुतं, मास्तर. मोटरीतला सेन्सर जळलाय. तवाच नवी मागवली." मग टेस्टर खिशातून काढत-घालत राहिले. "गाडी चालू झाली की ती दहाला जाती. मी पाचपस्तोर काय करू? घरातले समदे स्विच तीन-तीनदा खोलून झाले. हे आठ दिस ती समोर बसली. आमी दोघं दुपारचं असं कंदी बसलोच न्हाई. माझी शिफ्ट असायची."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, आणि लाजही. तात्यांची चाहूल लागली की मी कितीदा आतून कडी लावली होती.

"पण काकींच्या ऑर्डरी जातायत," मी म्हणालो.

"व्हय," म्हणत तात्यांनी खोकं ओढत अंगणात नेलं.

काकींनी खोकं बघितलं, चिठ्ठी वाचली. पाना तात्यांच्या हातात दिला. तासाभरात जुनं चाक निघालं, नवं बसलं. वायरींचे रंग जुळेनात. तात्यांनी विहिरीवरच्या पंपाच्या अंदाजाने जोडल्या, तर चाक उलटं फिरायला लागलं. दोनदा बदलून बघितल्यावर सरळ फिरलं, बिनआवाजी.

दुसऱ्या दिवशी दहाला काकींनी पिशव्या अडकवून गाडी काढली. तात्या फाटकाशी हात मागे बांधून उभे. काकी चार पावलं पुढे जाऊन थांबल्या आणि वळूनही न बघता म्हणाल्या, "कुरडया मोडत्यात. डबा धराया मानूस लागंल. बसा."

"मी? मागं?"

"मग काय पुढं?"

तात्या बसले. डबा मोठा होता, दोन्ही हातांनी धरावा लागला. स्वतःला सावरायला हात उरला नाही, तेव्हा तात्या हळूच काकींच्या पाठीला टेकले.