एकशे तेरावा फोन

बायको गेल्याला महिना झाला, त्या दिवशी संपादकांना कळलं, की जाण्याआधी ती त्यांच्या वतीने परस्पर शब्द देऊन गेली आहे.

शाळेचं नवं छप्पर पहिल्याच वर्षी का कोसळलं, हे शोधून काढायला त्यांच्या साप्ताहिकाकडे पैसे नव्हते. म्हणून बायकोने इंटरनेटवर एक पान उघडून वाचकांकडे वर्गणी मागितली होती. ती जमलीही. पण पानाच्या तळाशी मुलीला एक ओळ सापडली : ‘प्रत्येक वर्गणीदाराला संपादक स्वतः फोन करून आभार मानतील.’

"मी? फोन?" संपादक उडालेच. घरातला फोन तीस वर्षं बायकोच उचलायची.

"एकशे तेरा जण आहेत, बाबा. पानाचा नियम आहे, शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिथे सगळ्या नावांपुढे फोन झाल्याच्या खुणा झाल्या नाहीत, तर पैसे ज्याचे त्याला परत. मी करून टाकू खुणा?"

"न केलेल्या फोनच्या? उद्या न घडलेल्या बातम्या छापशील!"

पहिला फोन शिंप्याला.

"वहिनींना द्या जरा," शिंपी म्हणाला.

"ती नाही आता."

"बरं, आल्या की सांगा."

निवृत्त मास्तरांनी गेल्या अंकातल्या चुका वाचून दाखवल्या, पान एक ते आठ. औषधांच्या दुकानदाराने तर कहर केला.

"संपादक बोलताय? आमचे संपादक कुणाला फोन करत नाहीत. भामट्या, ठेव फोन!"

एवढ्यावर न थांबता त्याने वाचकांच्या ग्रुपवर टाकलं : ‘संपादकांच्या नावाने फसवे फोन येत आहेत. उचलू नका.’

कुणी उचलेना. मग मुलीने खुलासा टाकला, की फोन खरेच आहेत. त्याबरोबर खात्री करून घ्यायला ज्याने त्याने उलटा फोन लावला. दोन दिवस संपादकांना स्वतःचा फोन लावायला मिळाला नाही.

शुक्रवारी दुपारी, घसा पार बसल्यावर, ते यादीच्या शेवटच्या नावाशी पोचले. यादी उलटी होती. सगळ्यांत आधी पैसे भरणारा सगळ्यांत खाली. तिथे बायकोचं नाव होतं.

"पान चालतंय का बघायला आईनेच भरले असतील," मुलगी हळूच म्हणाली. "करा खूण."

"फोन झालेला नाही."

"बाबा!"

त्यांनी नंबर लावला. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचा फोन वाजू लागला. तो बंद करायचं दोघांनीही टाळलं होतं.

"मी उचलू?"

"तू काय वर्गणीदार आहेस?"

फोन वाजून वाजून गप्प झाला.

"तीस वर्षं अख्ख्या गावाचे फोन उचलले हिने," संपादक बसक्या आवाजात करवादले, "आणि माझाच तेवढा नाही!"

मुदत संपायला दोन तास आहेत. एकशे बारा फोन झाले. एक राहिला आहे.