अण्णांचा डावा खांदा

आमचे घरमालक रंगराव अण्णा गाडी उभी केली की आधी गिअरच्या दांड्यावरची मूठ फिरवून काढतात आणि खिशात घालतात. मग काचा, मग दारं, मग डिकी. ती काळी गोल मूठ खिशात घेऊनच ते भाजी घेतात, देवळात जातात, लग्नात जेवायला बसतात. एकदा एका मुंजीत नमस्काराला वाकले आणि मूठ घरंगळत थेट बटूच्या पाटाखाली गेली. भटजींना मंत्र थांबवून हात घालावा लागला. पंचवीस वर्षांची ही गाडी चोरणार तरी कोण, असं कुणी विचारलंच तर अण्णा शांतपणे म्हणतात, "मी संशय घेत नाही हं. स्वल्प काळजी घेतो."

स्वल्प म्हणजे थोडीशी. अण्णांचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही, आणि त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की मी साताऱ्याहून नवीन आले तेव्हा निम्मं अंदाजानेच समजून घ्यायची. भाडेकरू म्हणून त्यांनी माझी सही घेतली, आणि आठ दिवसांनी वर येऊन पुन्हा एकदा घेतली. का, तर दोन्ही जुळतात का बघायचं होतं. जुळल्या. पण त्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, अगदीच सारख्या आहेत.

गाडी दुरुस्तीला न्यायच्या आधी ते तिच्या एकेका भागावर अक्कांच्या जुन्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका देतात. अक्का म्हणजे त्यांची बायको. बॅटरीवर ठिपका, चाकांवर ठिपका, वायपरवरसुद्धा ठिपका. मेकॅनिकने काही बदललंच तर कळायला हवं. आमच्या पाण्याच्या कॅनवरही मला एकदा ठिपका सापडला.

आता असा माणूस स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हाती कशाला देईल? पण अर्धी गाडी त्यांनी दिली होती. अण्णांचा डावा खांदा आखडलेला, त्यामुळे स्टिअरिंग आणि पायाकडचं सगळं अण्णांकडे आणि गिअर अक्कांकडे. अण्णा नुसता क्लच दाबायचे आणि शेजारी बसलेल्या अक्का दांडा सरकवायच्या. एक शब्द नाही बोलायचा. रोज सकाळी गर्दी सुरू व्हायच्या आत जयनगरातून जे. पी. नगरच्या एका दर्शिनी हॉटेलपर्यंत जायचं, उभ्याने कॉफी प्यायची आणि परत यायचं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला घामच फुटला. पुढे सवय झाली.

अक्कांना अलीकडे फारच विसरायला होत होतं. मला त्या कधी सुमती म्हणत, कधी सरळ विचारत, तुम्ही कोणाकडच्या? गॅसवर दूध ठेवून विसरत, म्हणून अण्णांनी त्यांना स्वयंपाकघरातून हळूहळू बाजूला केलं होतं. पण सकाळ झाली की त्या आपण होऊन साडी नेसून, वेणी घालून दारात उभ्या. यांना एकट्याला जाता येत नाही ना, असं मी दिसेन तेव्हा मला सांगायच्या. दिवसभरात तेवढ्या एका गोष्टीसाठी त्या उठत.

मला मात्र त्या खांद्याचा संशय होता. खरं सांगायचं तर चीडच होती. कारण एकदा जिन्यातून उतरताना मी पाहिलं, अण्णांनी वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलून झपकन डाव्या खांद्यावर टाकला होता. मला बघताच त्यांनी कॅन खाली ठेवला आणि "अय्यो" करत खांदा दाबून धरला. उजवा! मी मनात म्हटलं, वा रे वा, बायकोला राबवून घ्यायची ही नवीन तऱ्हा दिसतेय.

मग एका सकाळी गाडी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आदल्या आठवड्यात सिग्नलला गिअर अडकला होता, खर्र आवाज झाला, मागच्यांनी हॉर्न मारून जीव नकोसा केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. झालं, अक्कांनी हाय खाल्ली. मला आता काही जमत नाही, माझ्यामुळे तुमचा जीव जाईल, म्हणाल्या आणि खोलीत जाऊन बसल्या. त्यानंतर वेणी नाही, साडी नाही, दुपारपर्यंत उठणं नाही. तीन आठवडे असेच गेले. अण्णा रोज सकाळी गाडीत एकटेच बसून दांडा मागेपुढे हलवताना मला वरून दिसत. दांडा वरणातल्या डावासारखा कुठेही फिरत होता.

शेवटी ते वर आले. गाडीचा गिअर नवा करायचा होता, आणि साक्षीदार म्हणून मी सोबत यावं अशी त्यांची विनंती होती. मेकॅनिक वरून काम करतो तेव्हा एकाने वर बघायचं, खाली घुसतो तेव्हा दुसऱ्याने खाली. माझ्या सासूबाई अक्कांजवळ बसल्या आणि आम्ही चामराजपेटला निघालो. गिअर अर्थातच माझ्याकडे. मी हात तयार ठेवून बसले होते, पण मार्केटजवळ एक बस आडवी आली आणि माझा हात हलायच्या आत अण्णांच्या डाव्या हाताने दुसरा गिअर टाकलासुद्धा. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उजवीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

मेकॅनिकचं नाव मंजुनाथ. ते गुलाबी ठिपके बघून तो बिचारा आधीच दुखावला होता. तरी त्याने नीट समजावलं की दांड्याखालचे रबरी बुश झिजलेत, म्हणून गिअरला आपली जागा सापडत नाही. बुश बदलू, आणि आता कामच काढलंय तर आखूड दांड्याचा नवा गिअर बसवू. हात जरासा हलवला की गिअर पडतो, हल्ली सगळी पोरं तोच बसवून घेतात. अण्णांनी जुने बुश मोजून रुमालात बांधले, नव्यांवर ठिपके दिले आणि मला गाडीखाली वाकायला लावलं. मी साक्षीदार, मी वाकले.

दांडा बसला. मंजुनाथ अभिमानाने म्हणाला, चालवून बघा. आणि अण्णा जाऊन बसले ते शेजारच्या सीटवर. मला म्हणाले, तू स्टिअरिंगकडे बस, क्लच दाब आणि बोलू नको. मी दाबला. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि उजव्या हाताच्या नुसत्या दोन बोटांनी दांडा सरकवायला सुरुवात केली. पहिला पडला. दुसऱ्याला बोटं अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली.

"नको," ते म्हणाले. "याला जोर लागतो."

मंजुनाथ वैतागला. दांडा आखूड म्हटल्यावर थोडा जोर लागणारच, पूर्ण हाताने टाका की, दोन बोटांनी कोण गिअर टाकतं? नव्या बुशांवर पूर्वीपेक्षा लांब दांडा बसव आणि तो शेजारच्या सीटकडे स्वल्प वाकव, एवढंच अण्णांनी सांगितलं. मंजुनाथ माझ्याकडे वळला आणि त्याने हळूच विचारलं की गाडी नक्की चालवतं कोण? तो दांडा तापवायला आत गेला, आणि मला राहवेना. इतक्या दिवसांची चीड होती, सरळ विचारून टाकलं.

"अण्णा, तुमचा खांदा धडधाकट आहे ना?"

त्यांनी आधी मंजुनाथ ऐकत नाही ना ते पाहिलं. मग खिशातली मूठ काढून हातात फिरवत बसले.

"चार वर्षांपूर्वी खरंच आखडला होता," ते म्हणाले. "सहा महिने. तेव्हा ती गिअर टाकायला शिकली. मग खांदा बरा झाला, पण तोवर तिला विसरायला व्हायला लागलं होतं. मुलांची नावं जायला लागली. पण माझा पाय क्लचवर गेला की तिचा हात बरोब्बर जातो बघ. कधी चुकला नाही. मग कसं सांगू, मी बरा झालो म्हणून?"

वीस लिटरचा कॅन आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

"चूक या बुशांची होती," रुमालाकडे बोट दाखवत ते म्हणाले. "तिला वाटलं तिची. आता एकदाही अडकायला नको. एकदा जरी अडकला तर ती पुन्हा बसणार नाही."

लांब दांडा बसेपर्यंत दुपार झाली. अण्णांनी पुन्हा डोळे मिटून दोन बोटांनी पाचही गिअर टाकून बघितले, मग उलटा टाकला, मग पुन्हा पाचही. एकदा नाही, वीस वेळा. सरी, म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले, आणि निघताना आपण होऊन मंजुनाथचा हात हातात घेतला. ठिपके मात्र तपासले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली जाऊन फाटकाशी उभी राहिले. अण्णा उजव्या हाताने डावा खांदा धरून आले. यावेळी खांदा बरोबर होता. गाडीजवळ येऊन कण्हले आणि टायरशेजारच्या पायरीवर मटकन बसले. अक्का मागून दारापर्यंत आल्या होत्या, गाऊनवर शाल, केस मोकळे. यांना काय होतंय ते त्यांना कळेना. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी कोण हे आठवायचा त्यांनी थोडा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तुम्ही दवाखान्यातल्या का हो?" त्यांनी विचारलं. "यांचा खांदा बरा होईल का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. हयातभर कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस. मी काय बोलते याची वाट बघत तो पायरीवर तसाच बसून राहिला.

"नाही हो अक्का," मी म्हटलं. "तो आता कधीच बरा व्हायचा नाही."

अक्कांनी एक लांब श्वास सोडला. "मग मलाच जायला हवं," त्या म्हणाल्या, आणि वेणी घालायला आत गेल्या.